ऐकीव उत्तरार्ध

पडद्यावर ‘मध्यंतर’ ही अक्षरं पुरती उमटायच्या आतच ती उठली, पर्स छातीशी धरून लोकांच्या गुडघ्यांमधून आडवी आडवी सरकत रांगेबाहेर आली आणि ते जड दार खांद्याने ढकलून थेट पाण्याच्या कूलरपाशी पोचली. नवरा तिथेच उभा होता. ठमी त्याच्या छातीवरच्या झोळीत, डोळे टक्क उघडे, मूठ तोंडात.

“रडली?”

“नाही.”

“खोकली?”

“एकदा. ठसका होता.”

“ठसका की खोकला?”

“ठसका,” तो म्हणाला आणि झोळीचा पट्टा सोडवू लागला.

तिने लेकीच्या कपाळाला ओठ लावून ताप नाही ना ते बघितलं, मग मानेमागे हात घालून घाम नाही ना ते बघितलं, आणि हे चालू असतानाच पूर्वार्ध सांगायला सुरुवात केली. वेळ कमीच असायचा.

“ऐक. यान बिघडलंय. कॅप्टनची मुलगी खाली पृथ्वीवर आहे, तिच्याशी बोलणं तुटलंय. एक भला मोठा दगड यांच्या दिशेने येतोय. तो दाढीवाला चांगला वाटतो, पण चांगला नाहीये, त्याच्या हातांकडे लक्ष ठेव. आणि ती वैज्ञानिक बाई मेली असं सगळे धरून चाललेत ना, ती मेलेली नाही. मी सांगते तुला. मेलेल्या माणसाचा फोटो इतक्यांदा दाखवत नाहीत.”

“बरं.”

“बरं काय! नीट बघ. मला शेवट सगळा हवाय.”

झोळी तिच्या खांद्यावर आली, तिकीट त्याच्या हातात गेलं. दारावरच्या माणसाला आता हे पाठ झालं होतं. एका तिकिटावर आधी बाई आत जाते आणि मध्यंतरानंतर बाप्या. त्याने पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या होत्या, नंतर खुर्ची एक आणि माणूसही एका वेळी एकच, म्हणजे बिघडलं काय, असं स्वतःशीच ठरवून सोडून दिलं होतं. आता तो ठमीला टाटा करायचा.

ही सोय तिनेच काढली होती. ठमी बाटलीला तोंड लावायची नाही, आणि बापाच्या छातीवर फेऱ्या मारून घेत घेत तिची भूक जेमतेम मध्यंतरापर्यंत दम धरायची. म्हणून पूर्वार्ध आईचा आणि उत्तरार्ध बाबाचा. लग्नाआधी ती प्रत्येक मोठा सिनेमा लागल्याच्या पहिल्या रविवारी बघायची, पाट्या सुरू होण्याआधीपासून पाट्या संपेपर्यंत. आता निदान अर्धा तरी. उरलेला अर्धा ती पोस्टरांखालच्या बाकावर बसून, ओढणीआड लेकीला पाजत, भिंतीतून ऐकायची.

भिंतीतून ऐकण्यासारखं फारसं नसायचंच. धाड, धूम, आणि मध्येच व्हायोलिन. तिचं असं ठाम मत झालं होतं की आजकाल मोठा सिनेमा काढणाऱ्यांना प्रेक्षक बहिरे वाटतात. हिरो पडद्यावर येण्याआधी त्याचे बूट येतात, बुटांच्या आधी धूळ येते, आणि धुळीच्याही आधी ढोल. व्हिलनची घरं हिरोच्या घरापेक्षा कितीतरी नीटनेटकी. आणि कुठलीही गोष्ट संपवायची म्हणून नाही, सगळं पुढच्या भागावर ढकलायचं. एखाद्या आळशी कारकुनासारखं. ही मतं पूर्वी ती चारचौघांत मांडायची. आता ठमीला सांगायची. ठमी लक्ष देऊन ऐकायची आणि दूध ओकायची.

सिनेमा सुटला. तो बाहेर आला. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत एक तांबूस रेघ होती. तशी ती दर वेळी असायची. झोळीचा पट्टा रुततो मेला, तिच्या मनात आलं. मऊ पट्ट्याची झोळी बघायला हवी.

“चल, सांग.”

तो मुळात कमी बोलणारा. विमानतळावर सामान वाहून नेणारे पट्टे असतात, ते बंद पडू नयेत म्हणून रात्रपाळीला जागणारा इंजिनीअर. घरी आल्यावरही त्याच्याकडून वाक्य बाहेर पडायचं ते एकेक करून, मध्ये बरंच अंतर ठेवून, त्या पट्ट्यावरच्या बॅगांसारखं. पण सिनेमाचा शेवट सांगताना मात्र तो हळूहळू रंगात यायचा.

“मग... कॅप्टन झोपतो.”

“काय?”

“झोपतो. किती दिवस जागाच असतो ना. त्या खुर्चीतच डोळा लागतो त्याचा. सगळे दिवे लाल होतात, घंटा वाजायला लागतात. तेवढ्यात ती बाई येते.”

“जिवंत आहे ना! म्हटलं नव्हतं मी?”

“आहे. ती त्याला उठवायला जाते. हात खांद्यापर्यंत नेते. आणि उठवत नाही. घंटा बंद करते. दिवे मंद करते. मग यान आपलं आपणच वाहत जातं, आणि तो दगड असतो ना, तो बाजूने निघून जातो.”

ती चालता चालता थांबली. “म्हणजे तो जागा असता तर त्याने यान वळवलं असतं.”

“आणि आदळलं असतं.”

“आणि मुलगी?”

“तिचा आवाज येतो शेवटी. बाबा, बाबा म्हणून हाका मारते. आणि ती बाई तिला म्हणते, हळू बोल गं, बाबा झोपलाय.”

फुटपाथवर उभ्या उभ्याच तिचे डोळे भरून आले. एवढ्या धाडधूममध्ये शेवटी असं काही ठेवायचं म्हणजे धाडस लागतं, ती मनात म्हणाली. या लोकांना आपण उगाच नावं ठेवतो.

---

दातवालीचा फोन आला तेव्हा ती दुपटी वाळत घालत होती. दातवाली म्हणजे कॉलेजपासूनची मैत्रीण, दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना महिन्यातल्या एका रविवारी जुन्या सिनेमांच्या गप्पांसाठी उघडा असायचा, आणि वर्षातून एकदा तिथे निवाडा व्हायचा. चौघांनी वर्षभरातल्या मोठ्या सिनेमांवर बोलायचं आणि ज्याचं म्हणणं सगळ्यांना पटेल त्याला आतल्या खोलीतल्या दात काढायच्या खुर्चीत बसवायचं. दातवाली पायाने कळ दाबायची, खुर्ची झुंईं करत वर जायची, वरचा गोल दिवा लागायचा. पुढचं वर्षभर कुठला सिनेमा बघायचा ते खुर्चीवाल्याने ठरवायचं. ठमी होण्याआधी ती खुर्ची जवळजवळ तिच्याच नावावर होती. सगळे तिला सेन्सॉरबाई म्हणायचे.

नियम एकच. निवाड्याआधी आपसात त्या वर्षीच्या सिनेमांवर चकार शब्द काढायचा नाही. तिने त्यात स्वतःची भर घातली होती. परीक्षणंही वाचायची नाहीत. उसनं मत तिला उसन्या चपलेसारखं वाटायचं.

“अगं, निवाडा आहे रविवारी,” दातवाली म्हणाली. “तू नुसती ऐकायला ये हं. दडपण घेऊ नकोस. बाळ लहान आहे, तुला कुठे काय बघायला मिळालं असणार.”

“मिळालंय.”

“अगं, आपल्या चौघांतला वकीलही तेच म्हणत होता. म्हणाला, बिचारीला या वर्षी सूट देऊ.”

हातातलं दुपटं तिने एवढं पिळलं की ते कोरडं व्हायच्या बेताला आलं. बिचारी! ऑफिसातून रजेवर आल्यापासून तिला लोक बाळाचं वजन विचारायचे, झोप विचारायचे, दात आले का विचारायचे. तुला काय वाटतं, असं कुणी विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. आता ही एक जागा उरली होती, तीही दयेपोटी काढून घेत होते.

“मी बोलणार आहे,” ती म्हणाली. “वकिलाला सांग, तयारीने ये.”

---

रविवारी ती दवाखान्यात पोचली ती फोन मुठीत धरूनच. ठमी पहिल्यांदाच सबंध संध्याकाळ बापाजवळ एकटी राहणार होती. दूध काढून ठेवलं होतं, वाटी-चमचा उकळून ठेवला होता, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवला होता. निघताना तिने दारातून तीनदा मागे वळून बघितलं होतं. शेवटी तो म्हणाला होता, “जा ना. आम्ही दोघं आहोत.”

बाहेरच्या खोलीत माशांची पेटी बुडबुडत होती. टीपॉयवर प्लॅस्टिकचा जबडा, त्यात कुणीतरी बिस्किट अडकवून ठेवलेलं. दातवालीची मावशी, म्हणजे दवाखान्यात नंबर लावणारी आणि रडणाऱ्या पेशंटांना धरून बसणारी, ती आपल्या नेहमीच्या खुर्चीत रुमाल घेऊन तयार होती. मावशी प्रत्येक सिनेमा तीनदा बघायची आणि तिन्ही वेळा त्याच जागी रडायची.

वकील आधी बोलला. कोर्टात बोलतो तसाच बोलला, बोट वर करून. या वर्षीच्या सिनेमांत वेग आहे, भव्यता आहे, प्रेक्षकाला श्वास घ्यायला फुरसत नाही आणि हेच त्यांचं यश आहे, असा त्याचा एकूण मुद्दा. दातवाली संगीतावर बोलली. मावशी म्हणाली, “मला सगळेच आवडले. मी काय बोलू. मी मत देईन.”

मग ती उठली. फोन एकदा बघून घेतला आणि पालथा ठेवला.

“मला वाटतं,” ती म्हणाली, “या वर्षी मोठ्या सिनेमांना एक नवीन गोष्ट सापडलीय, आणि तिच्याबद्दल आपल्यापैकी कुणी बोललंच नाही. झोप.”

वकिलाने दातवालीकडे बघितलं.

“हसू नकोस, ऐक. पहिला अर्धा भाग सगळेच धावतात, मारतात, ओरडतात. मला वाटायचं, झालं, पुन्हा तेच. पण शेवटाला हे लोक काय करतात बघा. धरणाचा सिनेमा घ्या. भिंतीला तडा गेलाय, इंजिनीअर आणि तो हलकट कंत्राटदार एकमेकांच्या जिवावर उठलेत. आणि शेवटी दोघं मिळून वाळूची पोती वाहतात. एकमेकांशी एक अक्षर न बोलता. तडा बुजतो, आणि कंत्राटदार तिथेच पोत्यावर डोकं टेकून झोपी जातो. इंजिनीअर आपला कोट त्याच्या अंगावर टाकतो. संपला सिनेमा. मला सांगा, व्हिलनच्या अंगावर पांघरूण घालणारा हिरो तुम्ही याआधी कधी...”

“थांब, थांब,” वकील म्हणाला. “कोण झोपला?”

“कंत्राटदार.”

“कंत्राटदार हेलिकॉप्टरच्या पंख्यात गेला, बाई. तुकडे झाले त्याचे. हळू गतीत दाखवलंय.”

मावशीने मान हलवली. “तीनदा बघितलं मी. तिन्ही वेळा गेला गं तो पंख्यात.”

“बरं, जुळ्या भावांचा,” तिने पुढे रेटलं. “पोलीस आणि चोर. शेवटी दोघंही आईच्या घरी येतात, आई कोण पोलीस, कोण चोर हे विचारतच नाही, एकच अंथरूण घालते...”

“पोलीस चोराच्या मांडीवर मरतो,” दातवाली अगदी हळुवारपणे म्हणाली. “त्याच्यावर गाणं आहे. मोठं.”

“आणि अवकाशातला? कॅप्टनला झोप लागते, ती वैज्ञानिक बाई त्याला...”

“कॅप्टन कसला झोपतोय! यानाच्या नाकाने दगड फोडला त्याने. आणि ती बाई मेलेलीच आहे. फोटोच होता तो.” वकील खुर्चीत मागे रेलला. “अगं, तू बघितलंस तरी काय नक्की?”

तिचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या गालावर गेला. कानापासून हनुवटीपर्यंत बोट फिरलं. झोळीचा पट्टा. पण झोळी तर मध्यंतरापासून तिच्या खांद्यावर असायची. दर वेळी. तो आत जायचा तो नुसतं तिकीट घेऊन. आणि बाहेर यायचा तो गालावर खुर्चीच्या शिवणीची रेघ घेऊन.

विम्याच्या कंपनीत ती दावे तपासायची. जळलेल्या दुकानाचा फोटो बघून आग आतून लागली की कुणी बाहेरून लावली ते सांगायची. आणि तिच्याच घरात, तिच्याच डोळ्यांसमोर, इतके महिने!

बाई जिवंत आहे, असं त्याने सांगितलं होतं. तिने मध्यंतरात म्हटलं होतं म्हणून जिवंत ठेवली होती. आणि हे कबूल केलं असतं, तर ती दुसऱ्याच रविवारी म्हणाली असती, राहू दे, तू घरी झोप, आपल्याला नकोच सिनेमा. तिला ते माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरला. तिने झडप घालून उचलला. एकच शब्द होता: ‘झोपली.’

तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग चांगलं खळखळून. दातवाली घाबरून पाणी आणायला उठली.

“बस, बस. मला काही झालं नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “मी पूर्वार्ध तेवढे बघितलेत. सगळे. पाट्यांपासून. उत्तरार्ध मला सांगितले गेले.”

“म्हणजे ऐकीव पुरावा,” वकील आनंदाने म्हणाला. “ग्राह्य नाही.”

“तुमच्या कोर्टात नसेल. आमच्या विम्यात आधी नुकसान खरं आहे का ते बघतात.” ती आता टेबलाला टेकून उभी राहिली, जुन्या दिवसांतल्यासारखी. “तू मला सांग, त्या पंख्यात तो माणूस गेला तेव्हा तुला काय वाटलं?”

“वाटायचं काय? गेला. बरं झालं.”

“आणि घरी जाईपर्यंत काय आठवत होतं?”

वकिलाने आठवून बघितलं. “पार्किंगला गर्दी होती,” तो शेवटी म्हणाला.

“यान?”

“यान... निळ्या रंगाचं होतं.”

“पांढरं,” दातवाली म्हणाली.

“हेच म्हणतेय मी. श्वास घ्यायला फुरसत देत नाहीत, हे तू यश म्हणून सांगितलंस. पण दोन तास पळवून आणलेल्या माणसाला शेवटी बसू तरी द्याल की नाही? त्यांच्याकडे हेलिकॉप्टर आहे, दगड आहे, चाळीस वाद्यांचं गाणं आहे. आणि एका माणसाला पांघरूण घालायचं म्हटलं तर त्यांच्याकडे कोट नाही. मी सांगितलेले शेवट पडद्यावर नाहीत, कबूल. पण पूर्वार्ध तेच मागत होते. आणि ते ऐकल्यावर तुम्हाला खरे शेवट पुन्हा बघावेसे वाटणार आहेत का, एवढंच छातीवर हात ठेवून सांगा.”

कुणी छातीवर हात ठेवला नाही. पण मावशीने रुमाल उघडला होता.

“मला त्या कंत्राटदाराचीच काळजी लागली होती गं,” ती म्हणाली. “सबंध सिनेमाभर तो एकदाही बसलेला दाखवला नाही. आज बरं वाटलं. झोपला एकदाचा.” मग नाक पुसून ठणकावून म्हणाली, “माझं मत हिला. आणि तूही दे रे वकिला, उगाच ताणू नकोस.”

दातवालीने आधीच आतल्या खोलीचा दिवा लावला होता.

“अपील करीन,” वकील म्हणाला आणि हात वर केला. “पण एक सांग, हे शेवट लिहितो कोण?”

ती खुर्चीत बसत होती. पाठ टेकली, पाय लांब केले. गेल्या कित्येक महिन्यांत ती अशी टेकून बसली नव्हती.

“आमच्याकडे आहे एक जण,” ती म्हणाली. “रात्रपाळीचा.”

दातवालीने कळ दाबली. झुंईं आवाज करत खुर्ची वर निघाली, गोल दिवा तिच्या चेहऱ्यावर लख्ख पडला, आणि मावशीने टाळ्या वाजवल्या.

---

“काय झालं?” घरात शिरताच त्याने विचारलं.

“खुर्ची मिळाली.”

“वा! कुठल्या सिनेमासाठी?”

“तिन्ही.”

“तिन्ही चांगलेच होते,” तो गंभीरपणे म्हणाला.

“हो ना. शेवट विशेषतः.”

तो दुपट्यांच्या घड्या घालू लागला. ती चप्पल काढता काढता त्याच्या पाठीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

खुर्चीवाली म्हणून तिने पहिला सिनेमा निवडला तो राजेरजवाड्यांच्या लढाईचा. लांबलचक. वकिलाने फोनवर डोक्याला हात लावला. “अगं, त्याचा पूर्वार्ध कसाबसा ठीक आहे म्हणतात, पण उत्तरार्ध संपता संपत नाही.”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

तिकीट काढताना तिने रांगेतली अगदी टोकाची, भिंतीलगतची खुर्ची मागून घेतली.

मध्यंतराला ती आडवी आडवी सरकत बाहेर आली. कूलरपाशी तो उभा होता. ठमी झोळीत, मूठ तोंडात. तिने खोकला विचारला नाही. पूर्वार्ध सांगितला तोही थोडक्यात. राजा चांगला आहे, भाऊ जळतो, घोडा पांढरा आहे. मग पिशवीतून ठमीचं जाडसर दुपटं काढलं, नीट घडी घातली आणि तिकिटाबरोबर त्याच्या हातात दिलं.

“हे कशाला?”

“आत गार आहे. आणि भिंतीला डोकं टेकव, म्हणजे शिवण रुतत नाही.”

त्याने दुपट्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. दारावरचा माणूस ठमीला टाटा करत होता. नवरा काहीतरी बोलणार होता, पण त्याचं वाक्य यायला नेहमीच वेळ लागायचा, आणि घंटा झाली.

“जा ना,” ती म्हणाली. “मला शेवट सगळा हवाय.”

तो दुपटं बगलेत धरून आत गेला. जड दार हळूच लागलं.

ती बाकावर बसली, ओढणी सारखी केली, लेकीला जवळ घेतलं. थोडा वेळ सगळं शांत होतं. मग भिंतीपलीकडे ढोल सुरू झाले, पाठोपाठ तुताऱ्या, आणि सबंध सैन्य एकदम किल्ल्यावर चालून गेल्यासारखा असा काही धडाका झाला की पोस्टरांच्या काचा थरथरल्या. ठमी दचकली. तिने लेकीच्या कानावर हात ठेवला, भिंतीकडे वळून बघितलं आणि दातओठ खात, पण अगदी हलक्या आवाजात, त्या राजाला दटावलं,

“हळू रे. बाबा झोपलाय.”